काय नेपोलियन!

गेल्या रविवारपासून सोसायटीचा वॉचमन मला बघून हसतो. आधी नुसता सलाम करायचा. आता सलामाआधी एक बारीकसं हसू येतं, आणि त्याचं मूळ मला पक्कं ठाऊक आहे.

रविवारी दुपारी मी लेकीला बळेबळे सोफ्यावर बसवून ‘नेपोलियन डायनामाइट’ लावला. 2004 सालचा हा सिनेमा माझा जीव की प्राण आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं प्रेस्टन हे गाव आणि तिथला एक शाळकरी मुलगा: कुरळं टोपलं, अर्धे मिटलेले डोळे, कायम उघडं तोंड. टेटर टॉट्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले गोळे, तो विजारीच्या खिशात भरतो, वर चेन लावतो आणि वर्गात एकेक काढून खातो. मला हे दृश्य शंभराव्यांदा बघतानाही हसू येतं. लेक नववीत आहे. विसाव्या मिनिटाला तिने विचारलं, “बाबा, कॉमेडी कधी सुरू होणारे?”

एवढ्यात बेल वाजली. वरचे काका.

हे काका आमच्या बरोबर डोक्यावर राहतात आणि सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत, म्हणजे दोन्ही अर्थांनी वरचे. आमच्या हॉलच्या कोपऱ्याच्या वर त्यांनी वॉशिंग मशीन ठेवलंय आणि तेव्हापासून आमच्या छताला ओल आहे. सुरुवातीला ती श्रीलंकेएवढी होती, आता ऑस्ट्रेलिया झालीय. ती बघायला या, म्हणून मी त्यांना तीनदा निरोप पाठवला होता. ते आले, छताकडे साधारण चार सेकंद बघितलं, “हं” म्हणाले आणि माझ्या जागेवर बसले. समोर चिवड्याची बशी होती, ती त्यांनी मांडीवर घेतली.

“हा पोरगा आजारी आहे का रे?”

“नाही काका. तो तसाच आहे.”

“तसाच म्हणजे?”

“म्हणजे... तसाच.”

“तोंड मिटत नाही म्हणजे घशात काहीतरी असणार. आमच्या धाकट्याचं होतं, काढून टाकलं. आता बँकेत आहे.”

पडद्यावर नेपोलियन लामा नावाच्या जनावराला जेवायला घालत होता. काकांनी विचारलं, हा उंट कशाला पाळलाय, दूध देतो का? मी म्हटलं, हा सिनेमा सुमारे चार लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने चार कोटींच्या वर कमावले. या मुलाचं काम करणाऱ्या जॉन हेडरला तर सुरुवातीला फक्त हजार डॉलर मिळाले होते. काकांना वाटावं, काहीतरी मोठं बघतोय आपण. काका म्हणाले, “हजार डॉलर घेऊन तोंडही मिटायचं नाही?”

लेक पहिल्यांदा हसली. माझ्या सिनेमाला नाही, काकांना.

मग पडद्यावर अंकल रिको आला. हा नेपोलियनचा काका. माळावर गाडीतच राहतो, दारोदार प्लास्टिकचे डबे विकतो आणि सांगतो की 1982 साली कोचने मला शेवटच्या टप्प्यात मैदानात उतरवलं असतं तर आपण राज्यात पहिले आलो असतो. आता चाळिशीत व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर स्वतःच स्वतःला अमेरिकन फुटबॉल फेकताना टिपतो. मी बघितलेल्या सिनेमांतलं हे सगळ्यात करुण पात्र असेल.

काकांनी चिवड्याची बशी खाली ठेवली.

“हा माणूस खरा आहे,” ते म्हणाले. आवाज बदलला होता. “1976. आंतरमहाविद्यालयीन फायनल. मला बारावा ठेवला. का? तर कॅप्टनच्या मावसभावाला खेळवायचं होतं. माझा इनस्विंगर बघितला असतास तर...” आणि काका उठले. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट. डायनिंग टेबलावरचं लिंबू उचललं. स्वयंपाकघराच्या दारापासून रनअप घेतला, आमच्या हॉलमध्ये तीन पावलांचा बसतो, आणि हात असा वर नेला की बोटं थेट ऑस्ट्रेलियाला लागली. हाताच्या पंजाएवढा पोपडा निघाला आणि सरळ चिवड्यात पडला.

सगळे गप्प. लिंबू टीव्हीखाली गेलेलं.

“तुमचं प्लास्टर फार कच्चं आहे,” काका म्हणाले. “बाल्कनी आत घेतलीत ना? ओल येणारच.”

मला बोलायचं बरंच होतं. तुमचं मशीन, तुमचा पाइप, माझे तीन निरोप. पण अशा वेळी माझं जे होतं तेच झालं: जबडा खाली गेला, आवाज बाहेर आला नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

“अरे! हा तर डिट्टो तू!”

“होऽऽ!” लेक ओरडली. बायको स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बघायला आली आणि म्हणाली, “तरीच. मला मघापासून वाटत होतं, याला कुठेतरी पाहिलंय.”

एकोणीस वर्षं झाली लग्नाला.

हेडरला या तोंडाचे निदान हजार डॉलर तरी मिळाले. मी हे काम आयुष्यभर फुकट करतोय. आठवीच्या गॅदरिंगला लेझीममध्ये सगळे उजवीकडे गेले आणि मी डावीकडे गेलो, तेव्हाही मी असाच उभा होतो म्हणतात. सिनेमात नेपोलियन शेवटी मित्राच्या निवडणुकीसाठी स्टेजवर एकटा नाचतो आणि अख्खी शाळा उठून टाळ्या वाजवते. मला पीटीच्या सरांनी टिपऱ्या धरायला लावल्या होत्या. पुढच्या वर्षी तेही नाही.

तो नाच बघायलाही कुणी थांबलं नाही. काका “यात काही घडतच नाही” म्हणून उठले, लेक फोन घेऊन आत गेली. मी एकटा बघत बसलो, आणि तेवढ्यात लेकीने दारातून माझा फोटो काढला. नेपोलियनच्या शेजारी मी, दोघांची तोंडं उघडी. आधी घरच्या ग्रुपवर, तिथून कसा कोण जाणे सोसायटीच्या.

आयडाहोच्या विधिमंडळाने 2005 साली या सिनेमाच्या कौतुकाचा रीतसर ठराव केला होता. त्यात लामा होती, टेटर टॉट्स होते, आणि विरोधात मत देणारे मूर्ख ठरतील असंही सिनेमाच्याच भाषेत लिहिलं होतं. ठराव मंजूर झाला. एक अख्खं राज्य खिशातल्या बटाट्यांवर ठराव करू शकतं. आमच्या सोसायटीच्या सभेत माझ्या ओलीचा विषय दोन वर्षं ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात शेवटी येतो, तोवर समोसे संपलेले असतात आणि कोरमही.

म्हणून काल मी लेखी अर्ज केला. मशीनची जागा, पाइप, पोपड्याचा फोटो, सगळं. दोन प्रती नेल्या आणि काकांच्या दारात उभा राहून म्हटलं, पोच द्या. ते म्हणाले, पाऊस संपू दे, बघू. मी हललो नाही. शेवटी त्यांनी पेन घेतलं, दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का मारला, तारीख घातली, सही केली.

घरी येऊन वाचलं. शिक्क्याखाली सुबक अक्षरात लिहिलंय: ‘श्री. नेपोलियन यांचा अर्ज मिळाला.’