सिंगापूरची बाग बघायची तर नेपियरला उतरा

सिंगापूरच्या सहलीवरच्या एका लेखात सिंगापूर बोटॅनिक गार्डन्ससाठी दुपारचे दोन तास आणि बागेच्याच नावाचं मेट्रो स्टेशन सुचवलंय. ठाण्याहून आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी कृपया दोन्ही बदला. ते स्टेशन पार उत्तर टोकाला आहे. बागेच्या दक्षिणेकडच्या टँगलिन दाराजवळच्या नेपियर स्टेशनला उतरा. स्वान लेक, टेंबुसूचं झाड, ऑर्किड गार्डन करत उत्तरेला बाहेर पडा, म्हणजे तीच वाट परत तुडवावी लागत नाही. बाग पहाटे ५ ला उघडते, प्रवेश मोफत. तिकीट फक्त ऑर्किड गार्डनला, ते ८.३० ला उघडतं. ७ ला पोचलात तर उत्तम. दुपारी उकाडा आणि विजांचा पाऊस, दोन्ही गाठतात.

५ डॉलरच्या नोटेवरचा टेंबुसू मात्र निवांत बघा. जमिनीलगत आडवी पसरलेली ती फांदी नोटेवरही ओळखू येते. कुंपण ओलांडू नका. पायाखाली माती दबली की मुळांना हवा मिळत नाही.

ऑर्किडच्या थंड घरातून बाहेर आल्यावर कॅमेऱ्याच्या गार काचेवर दव धरतं. पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा. आणि रोपं बॅगेत टाकून आणू नका, त्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो.