सांत्वन वेगळं आणि स्पष्टीकरण वेगळं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हापासून डोक्यात घोळतेय, म्हणून दोन ओळीत न आटपता सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की विषमतेत पिचलेल्या माणसाला धर्म तग धरायला मदत करतो आणि ती मदत खरी असते. त्यावर तुम्ही म्हणालात की धर्म ही गरिबाला दिलेली अफू आहे, मार्क्स हे कधीच सांगून गेलाय. दुसरं म्हणजे प्रार्थनेने काही बदलल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. आणि तिसरं, पोट भरलेल्या माणसाला गरिबाची श्रद्धा गोड वाटते कारण त्या श्रद्धेमुळे गरीब गप्प बसतो.

तिसरं वाक्य लागलं मला, कारण त्यात तथ्य आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी मार्क्स. ते वाक्य १८४४ साली छापून आलं, जर्मन तत्त्वज्ञ हेगेलवरच्या टीकेच्या प्रस्तावनेत. पण आपण सगळे त्यातला शेवटचा तुकडाच उचलतो. त्याच्या आधी तो म्हणतो की धर्म हा दडपलेल्या जीवाचा उसासा आहे, हृदय नसलेल्या जगाचं हृदय आहे. आणि त्याच्याही आधी म्हणतो की धार्मिक दुःख हे खऱ्या दुःखाची अभिव्यक्तीही आहे आणि त्याच दुःखाविरुद्धचा निषेधही आहे. निषेध हा शब्द त्याचाच आहे, माझा नाही. शिवाय त्या काळात अफू म्हणजे फक्त नशा नव्हे, ते घरोघरी वापरलं जाणारं वेदनाशामक होतं, इंग्लंडात तर त्याच्या विक्रीवर पहिले निर्बंध आले ते १८६८ च्या कायद्याने. म्हणजे मार्क्सला हेही दिसत होतं की माणूस अफू घेतो कारण त्याला खरंच दुखतंय. धर्म जावा असं त्याला वाटत होतं यात शंका नाही, पण दुखणाऱ्या माणसाला तो मूर्ख समजत नव्हता. तुमच्या प्रतिक्रियेत मला ते जाणवलं नाही, म्हणून हे आधी लिहिलं.

आता एक प्रसंग सांगतो, कारण माझं मत पुस्तकातून कमी आणि इथून जास्त बनलंय. काही वर्षांपूर्वी वडील हॉस्पिटलात होते आणि मी अकरा रात्री कॉरिडॉरमध्ये झोपलो. शेजारी एक बाई होत्या, बांधकामावर काम करणाऱ्या. नवरा परांचीवरून पडलेला, कंबरेखाली हालचाल नाही, आणि ठेकेदार पहिल्या दिवशी येऊन गेला तो गेलाच. रोज पहाटे, सफाईवाले यायच्या आधी, त्या नळावर हातपाय धुवून यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ओठ हलत राहायचे, डोळ्यातून पाणी वाहत राहायचं, पंधरा-वीस मिनिटं. कुठल्या देवाचं ते मी कधी विचारलं नाही. मग उठून पदराने तोंड पुसायचं आणि डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, रिपोर्टची फाईल छातीशी धरून, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. एकदा मी विचारलं, ताई, रोज एवढं रडता, बरं वाटतं का. म्हणाल्या, "इथं रडून घेते म्हणजे डॉक्टरपुढं रडू येत नाही. तिथं बोलावं लागतं ना."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. तुम्ही म्हणता गुंगी. मी जे बघितलं ती गुंगी नव्हती, त्या बाई त्या कॉरिडॉरमधल्या सगळ्यात जाग्या माणूस होत्या.

पण त्याच कॉरिडॉरमधला दुसरा प्रसंगही सांगायला हवा, मागच्या लेखात तो मी लिहिला नाही आणि ती माझी चूक झाली. एक संध्याकाळ, कुणाचे तरी नातेवाईक, बरे घरचे, शेजारी बसले आणि त्यांनी बाईंना विचारपूस करून शेवटी सांगितलं की मागच्या जन्मीचं काहीतरी असणार, भोगूनच संपवायचं असतं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण बाईंची मान खाली गेली. एवढ्या दिवसात मी त्यांना मान खाली घातलेली बघितली नव्हती. आणि परांचीला जाळी नव्हती, नवऱ्याला पट्टा दिलेला नव्हता, हे सगळं त्या एका वाक्यात पुसलं गेलं. ठेकेदार सुटला, मागचा जन्म अडकला.

म्हणून मला वाटतं आपण दोघं 'धर्म' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टींवर भांडतोय. एक म्हणजे सांत्वन, जे त्या बाई स्वतः घेत होत्या. आणि दुसरं म्हणजे स्पष्टीकरण, जे वरच्याने खालच्याला दिलं. सांत्वन म्हणतं की तुझं दुःख कुणाला तरी दिसतंय. स्पष्टीकरण म्हणतं की तुझं दुःख बरोबरच आहे. पहिल्याने माणूस उभा राहतो आणि दुसऱ्याने खाली बसतो. दोन्ही एकाच देवळातून, एकाच ग्रंथातून, कधीकधी एकाच माणसाच्या तोंडून येतात हीच तर अडचण आहे.

आणि स्पष्टीकरणाची गरज गरिबाला नसतेच फारशी. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने हे नेमकं पकडलंय, सुखात असलेल्या माणसाचं नुसत्या सुखावर भागत नाही, त्या सुखावर आपला हक्क आहे आणि दुसऱ्याच्या वाट्याला आलं तेही त्याच्या लायकीचंच आहे, हे त्याला पटवून घ्यायचं असतं. त्या कॉरिडॉरमधल्या पाहुण्यांना पण तेच हवं होतं बहुतेक, घरी जाऊन शांत झोपता यावं म्हणून.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण म्हणजे १८०७ साली लंडनमध्ये छापलेलं बायबल. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी 'निवडक' भाग म्हणून काढलेलं. त्यात जुन्या कराराचा जवळपास ९० टक्के भाग आणि नव्या कराराचा साधारण निम्मा भाग गाळलेला आहे. मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढतो ती कथा गायब. ख्रिस्तात ना कुणी दास ना कुणी स्वतंत्र, सगळे एक, हे वचन गायब. नोकरांनो, आपल्या धन्याची आज्ञा पाळा, हे मात्र आहे. तुमच्या बाजूचा यापेक्षा भक्कम पुरावा नाही, मी स्वतःहून देतोय. पण जरा असाही विचार करा, धर्म जर निव्वळ झोपेची गोळी असता तर एवढी कात्री चालवायची गरज का पडली? आख्खं पुस्तक वाटून टाकलं असतं की. मालक लोकांना पक्कं माहीत होतं की त्या पानांमध्ये झोप उडवणारंही काहीतरी आहे.

ते काय आहे हे पुढे अमेरिकेत दिसलं आणि इथे तुमच्या उदाहरण दाखवा या मागणीचं उत्तर येतं. माँटगोमेरी शहर, डिसेंबर १९५५. बसमध्ये काळ्यांनी मागे बसायचं, गोरा आला की उठायचं. रोझा पार्क्स उठल्या नाहीत, अटक झाली, आणि ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला तो ३८१ दिवस चालला. धुणीभांडी करणाऱ्या बायका, मजूर, म्हातारी माणसं, वर्षभर पायी किंवा एकमेकांच्या गाडीतून. हे सगळं उभं कुठे राहिलं? चर्चमध्ये. पहिल्या दिवशी संध्याकाळी हजारो लोक जमले ते चर्चमध्ये, नंतर आठवड्याला सभा व्हायच्या त्या चर्चमध्ये, पैसे गोळा व्हायचे ते तिथेच, गाड्यांचं नियोजनही बरंचसं तिथूनच आणि काही गाड्या तर चर्चच्या नावाने घेतलेल्या होत्या, लोक त्यांना चालती चर्च म्हणायचे. मदर पोलार्ड म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्यांना विचारलं की पाय दुखत नाहीत का, तर त्या म्हणाल्या, पाय थकलेत पण आत्मा निवांत आहे. बहिष्काराचं नेतृत्व करणारे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांनी हे वाक्य पुढे कितीदा तरी सांगितलं.

हो, शेवटी बसमधला भेदभाव गेला तो कोर्टाच्या निकालाने, हे मलाही माहितीये. देवाने आकाशातून आदेश पाठवला नाही. पण निकाल येईपर्यंत ३८१ दिवस चालत राहायचं बळ कोर्टाने दिलं नव्हतं. आणि त्याच वेळी, त्याच ख्रिस्ताचं नाव घेणारे गोरे धर्मगुरूही होते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी जे पत्र लिहिलं ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होतं, सात ख्रिस्ती आणि एक ज्यू, ज्यांचं म्हणणं होतं की घाई करू नका, जरा थांबा. पुन्हा तेच, धर्म एकच, पण एकजण चालतोय आणि दुसरा त्याला थांब म्हणतोय.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आणखी. १९९७-९८ मध्ये इंडोनेशियात आर्थिक संकट आलं तेव्हा ज्या कुटुंबांना जास्त फटका बसला ती कुराण अभ्यासाच्या गटांकडे जास्त वळली, असं एका अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं. आणि जिथे कर्ज मिळायची सोय होती तिथे हे प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे माणसं तिथे फक्त देव शोधत नव्हती, अडीनडीला धावून येणारी माणसंही शोधत होती. याचा अर्थ मी असा घेतो की सरकारने आणि समाजाने जे द्यायला हवं होतं ते जिथे मिळत नाही तिथे धर्म ती जागा भरतो, आणि ही त्या सरकारची लाज आहे, धर्माची शाबासकी नाही. हे मागच्या लेखात यायला हवं होतं.

शेवटी ज्यांच्याशिवाय हा विषय मराठीत पुरा होत नाही ते बाबासाहेब. धर्माने गरिबाचं काय केलं हे त्यांच्याएवढं कुणी भोगलं आणि तपासलं? १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर सरळ निधर्मी होणं त्यांना सोपं होतं. २१ वर्षं विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी लाखो लोकांना घेऊन नागपूरला धम्म स्वीकारला, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं की धर्माची गरज गरिबांना आहे, पीडितांना आहे, कारण गरीब माणूस आशेवर जगतो आणि आशा गेली तर जगायचं कसं. सांत्वन त्यांनी ठेवलं. आणि स्पष्टीकरण? मागच्या जन्मीचं कर्म या जन्मी भोगायचं, ही कल्पना त्यांनी आपल्या धम्मातून साफ काढून टाकली. त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ते लिहितात की असल्या सिद्धांताचा एकच हेतू दिसतो, गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी. मी कॉरिडॉरमध्ये जे बघितलं ते त्यांनी किती आधी आणि किती स्वच्छ लिहून ठेवलंय.

तर तुमचा तिसरा मुद्दा. पोट भरलेल्याला गरिबाची श्रद्धा गोड वाटते. माझ्या लेखात एक वाक्य होतं, 'श्रद्धेमुळे गरीब माणूस थोडक्यात समाधानी राहतो'. ते वाक्य चुकीचं आहे आणि वाईटही आहे, आज काढून टाकलं. कुणी थोडक्यात समाधानी राहावं हे मला म्हणायचा काही अधिकार नाही. पण श्रद्धेमुळे गरीब गप्प बसतो हे तुमचं वाक्य पण मी मान्य करणार नाही, कारण त्या बाई गप्प बसल्या नाहीत. आठव्या-नवव्या दिवशी ठेकेदाराचा माणूस थोडे पैसे घेऊन आला आणि कागदावर अंगठा मागत होता, की आता काही मागणं नाही म्हणून. बाई म्हणाल्या, "वरचा बघतोय, मी खोट्यावर अंगठा देणार नाही." पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या की नुकसानभरपाईचा अर्ज लिहून द्या. मी लिहिला, कुठे जाळी नव्हती, किती उंचीवरून पडला, कोण साक्षीदार, सगळं त्यांनी तारीखवार सांगितलं. मग कागद मांडीवर घेतला, डोळे मिटले, ओठ हलले, आणि मग सावकाश एकेक अक्षर काढत सही केली. अंगठा नाही, सही.