खारे दाणे

आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं कधीच भंगारात गेली होती, पण एक किल्ली काढू द्यायची नाही. माझ्या लॅपटॉपलाही असाच जुडगा आहे, हे परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपेना, म्हणून भाच्याने लिनक्स घालून दिलं. काही महिने सुखाचे गेले. मग एका रविवारी मला वाटलं, रोज उठून पासवर्ड कोण टाकणार? ऑटो-लॉगिन चालू केलं.

दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडतो तर मधोमध चौकट: लॉगिन कीरिंग (म्हणजे लॅपटॉपचा किल्ल्यांचा जुडगा) बंद आहे, पासवर्ड द्या. रद्द केली, पुन्हा आली. वर्गणीवाल्यांसारखी.

"मामा, लॉगिनला जो पासवर्ड टाकायचास त्यानंच कीरिंग उघडायची. आता तू टाकतच नाहीस."

"मग कीरिंगचा पासवर्ड कोरा ठेवू?"

"ठेव ना. सगळं फाइलमध्ये उघडं पडेल."

मी पण हट्टी. शोधाशोध करून ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये आज्ञेपुढे 'पासवर्ड-स्टोअर=बेसिक' चिकटवलं. आधी दोन रेघा द्यायच्या असतात. मी एकच दिली आणि अर्धा तास स्क्रीनला शिव्या दिल्या. दुसरी रेघ पडली आणि चौकट गायब! विजयाचा चहा घेतला, वीजबिल भरायला बसलो, तर साठवलेला एकही पासवर्ड जागेवर नाही. ते सगळे जुडग्यातल्या किल्लीने बंद केलेले, आणि ब्राउझरला जुडग्याकडे जायला मीच मनाई केलेली.

"बरं, नवीन पासवर्ड तरी नीट राहतील ना?"

भाचा हसायलाच लागला. बेसिकमध्येही कुलूप असतं म्हणे, पण क्रोमियमच्या (माझा ब्राउझर ज्यावर बेतलाय त्या) कोडमध्ये त्याची किल्ली कुणालाही वाचता येईल अशी लिहून ठेवली आहे: 'पीनट्स'. शिवाय कुलूप लावताना त्यात मीठ घालतात (या शास्त्रात खरंच मीठ म्हणतात), ते 'सॉल्टीसॉल्ट'. म्हणजे माझी बँक, पीएफ, वीजबिल, सगळं खाऱ्या दाण्यांच्या पुडीत!

निमूट ती ओळ खोडली, ऑटो-लॉगिन बंद केलं. सगळे पासवर्ड परत आले.

मग उत्सुकतेने जुडगाच उघडून पाहिला. ब्राउझरची किल्ली एक. बाकीच्या मी केव्हाच काढून टाकलेल्या ॲपांच्या. पुसायला गेलो, पण म्हटलं, असू देत, लागली तर?