मुदत आहे की हो!

बी.एड.ला नाव टाकलंत? छान केलं. आता पेढे वाटा आणि पुस्तकांच्या पार्सलला सहा महिने हात लावू नका. पेढा तोंडात टाकता टाकता कुणीतरी 'कधी संपायचं मग?' असं विचारेलच. त्यावर 'आपापल्या गतीनं करायचं असतं ते' एवढं म्हणा आणि विषय पावसाकडं न्या. हे वाक्य नीट पाठ करून ठेवा, पुढची पाच वर्षं लागणार आहे.

पाच वर्षं उगीच म्हणत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. तिथलं बी.एड. कमीत कमी २ वर्षांचं आणि पुरं करायला जास्तीत जास्त ५ वर्षं. दोन्ही आकडे माहितीपुस्तिकेत शेजारी शेजारी नांदतात. नवखा माणूस २ वाचतो. तुम्ही डी.एड. झालेले, जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा-बारा पावसाळे काढलेले. कोणता आकडा वाचायचा ते तुम्हाला सांगायला नको. मी स्वतः अशाच एका दूरशिक्षणाच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात आहे, तेव्हा अधिकारानं बोलतोय असं समजा.

एक सावधगिरी मात्र घ्या. स्टँडसमोरच्या खांबावर 'घरबसल्या बी.एड., हजेरीची गरज नाही' अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली तर तिकडं फिरकू नका. नुसत्या मोबाइलवर होणारं बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद मानत नाही. व्याख्यानं, पुस्तकं, सूचना सगळं पडद्यावर येतं, पण कार्यशाळा, सरावपाठ आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या इंटर्नशिपला, अंगानं जावंच लागतं. शिवाय ती चिठ्ठीवाली मंडळी सहा महिन्यांत पदवी हातात देतो म्हणतात. एवढी घाई आपल्याला मानवायची नाही.

सुरुवात वेळापत्रकापासून करा. मुक्त विद्यापीठाच्या हिशेबात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे चार श्रेयांकांच्या पेपरला १२० तास. रोजचा एक तास धरला तर चार महिन्यांत एक पेपर हातावेगळा. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा. खाली पट्टीनं रकाने आखा. 'पहाटे ४ ते ५ : बाल्यावस्था व विकास' असं लिहा आणि स्केचपेननं महिरप काढा. यात एक अख्खा रविवार जातो आणि संध्याकाळी पाठ अवघडल्यावर खरोखरच अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यात वेळापत्रक सुधारून घ्या. माझी आतापर्यंत अकरा झालीत. शेवटच्यात पहाटेचे चार जाऊन रात्रीचे साडेदहा आलेत आणि पुढं कंसात 'लाइट असल्यास' असं लिहिलंय.

आता वर्षाचा आढावा घेऊ. जूनमध्ये पेरणी. मास्तर असलो तरी दोन एकर आहेच, अन् पाऊस ओढ देत असताना पुस्तकातला मानसशास्त्रज्ञ पियाजे वाचवत नाही. मग पोळा, गणपती, महालक्ष्म्या. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळ्या अंगातून उतरतात न उतरतात तोच १७ सप्टेंबरचं मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन, त्याची भाषणं बसवायची. नंतर सोयाबीन काढणी, दिवाळी, कापूस. सासुरवाडी औशाकडं असेल तर वेळ अमावस्येला शेतात भज्जी खायला गेल्याशिवाय सुटका नाही, अन् आंबिल प्यायल्यावर अभ्यास करून दाखवावा कुणी. पुढं लग्नसराई. मग ऊन. उन्हाळ्यात मराठवाड्यात कुठलीही गोष्ट आपापल्या गतीनंच होते, पंखासुद्धा.

तरीही एखादी मोकळी संध्याकाळ निघालीच, तर घाबरू नका. फोन वाजेल. 'सर्व मुख्याध्यापक व शिक्षकांनी सोबतच्या तक्त्यातील माहिती आज दुपारी २ पर्यंत तात्काळ सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावी.' हा निरोप संध्याकाळी पाच वाजता आलेला असतो. पोषण आहाराचे आकडे, यू-डायसवरची शाळेची माहिती, आधार न जुळलेली पोरं, मतदार यादीचं काम, सगळ्यांना आजचीच मुदत. माझ्या अनुभवात अख्ख्या नोकरीत आपापल्या गतीनं करा म्हणून मिळालेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हे बी.एड. म्हणून ती सगळ्यात शेवटी ठेवायची. बायकोनं मध्यंतरी विचारलं, "अभ्यास कुठवर आला?" तोंडातून आपोआप निघून गेलं, "निरंक."

व्हिडिओ व्याख्यानांचं तंत्र तुम्हाला येतच असेल. २०२० साली करोनाच्या काळात शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण दीक्षा अॅपवर आलं, तेव्हाच आपण सगळे तयार झालो. आवाज बंद करायचा, फोन चार्जिंगला लावून फळीवर पालथा ठेवायचा आणि शेळ्यांना चारा टाकून यायचं. रेंज फक्त मारुतीच्या पारावर येत असेल तर फोन पारावर ठेवून शेजारी एखादं विश्वासू पोरगं बसवायचं. माझ्या वेळी राखणीला बसलेल्या पोरानं खरंच दोन व्याख्यानं ऐकली आणि मला येऊन म्हणालं, "सर, त्यात बाई सांगायल्यात की पोरांना मारू नये." म्हणून पोरगं निवडताना जरा बघून निवडा.

थोडी थिअरीही पाहिजे, नाहीतर तोंडी परीक्षेत पंचाईत होते. हे 'आपापल्या गतीनं' प्रकरण निघालं कुठून? बी. एफ. स्किनर हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ १९५३ साली मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. गणिताचा तास होता. काही पोरांची गणितं केव्हाच झालेली, ती चुळबुळ करतायत. काहींना ती सुटतच नाहीयेत. आणि बरोबर आलं की चूक, हे वही तपासून मिळेपर्यंत कुणालाच कळत नाही. स्किनरांनी त्यावर शिकवण्याचं यंत्र केलं आणि त्यातून आपल्या पुस्तकातलं क्रमान्वित अध्ययन आलं. बारीक बारीक पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीवर शिकणाऱ्यानं स्वतः उत्तर द्यायचं, चूक-बरोबर जागच्या जागी कळायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या गतीनं पुढं सरकायचं. चारही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या. तुम्ही फक्त चौथी सोडवून घ्या. पहिल्या तिन्हींत कष्ट आहेत. स्किनरांचे प्रयोग उंदीर आणि कबुतरांवर झाले, हेही ध्यानात असू द्या. उंदराला खटका दाबला की दाणा मिळत होता. आपला दाणा म्हणजे पदोन्नती. सेवाज्येष्ठतेची यादी तुम्ही बघितली असेल, तर खटका का दाबवत नाही ते मी वेगळं सांगायला नको.

स्वाध्यायांना भिऊ नका. अभ्यासकेंद्राच्या गावात एक झेरॉक्सचं दुकान असतंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "गुरुजी, पहिल्या वर्षाचे का दुसऱ्या?" मग म्हणाला, "हस्ताक्षर तुमचंच लागंल बरं का. तेवढं घरी जाऊन लिव्हायचं." त्याच्या आवाजात समंत्रकांपेक्षा, म्हणजे केंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्यांपेक्षा, जास्त काळजी होती. मी घरी येऊन दोन रात्रींत चार स्वाध्याय उतरवले. उतरवताना वाचायचं नसतं, हाताची लय मोडते. तिसऱ्या स्वाध्यायात माझ्याच अक्षरात वाक्य होतं : 'मी स्वतः एक महिला शिक्षिका असल्याने मुलींच्या अडचणी जवळून अनुभवल्या आहेत.' स्वाध्याय तपासून आला तेव्हा त्या वाक्याखाली रेघ होती आणि समासात शेरा होता, 'अनुभवाधारित लेखन, छान.' एरवी प्रत्याभरणाची, म्हणजे तपासणाऱ्याच्या अभिप्रायाची, वाट बघावी लागते अशी माझी तक्रार असायची. त्या दिवसापासून ती तक्रार बंद केली.

या साऱ्या व्यवस्थेत एकच धोक्याची जागा आहे, कार्यशाळा. तिथं आपली गती चालत नाही. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे चिमुकल्या वर्गावर थोडक्या मिनिटांत शिकवायचा सराव, हा प्रकार १९६० नंतर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाला. आपल्याकडं रुळलेलं त्याचं चक्र ३६ मिनिटांचं आहे. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण ऐका, बारा मिनिटांत पाठ नव्यानं मांडा, सहा मिनिटं परत शिकवा, सहा मिनिटं परत ऐका. म्हणजे चुकायला, चूक ऐकायला, सुधारायला आणि पुन्हा चुकायला मिळून पाऊण ताससुद्धा नाही. आणि समोर घड्याळ घेऊन एक मॅडम बसलेल्या.

माझ्याकडं कौशल्य आलं होतं सज्जता प्रवर्तन, म्हणजे पोरांना विषयाकडं वळवून आणायचं. वर्ग आमच्यातल्याच सहा जणांचा. पहिल्या बाकावर गंगाखेडकडचे पंचेचाळिशीचे एक सर सहावीतलं पोरगं होऊन बसले आणि मी खडू उचलताच करंगळी वर करून म्हणाले, "सर, जाऊ?" मी म्हटलं, "बस खाली." ते म्हणाले, "लई आलीय सर." वर्ग हसला. मी वर्गाला शांत केलं, शांत केल्याबद्दल शाबासकी दिली, पाण्याचं महत्त्व सांगितलं, पाऊस लांबल्याचं सांगितलं, २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं तेही सांगितलं, आणि फळ्यावर 'जलचक्र' लिहायला वळलो तर घंटा. मॅडमनी वहीत लिहिलं ते अजून माझ्याकडं आहे : 'प्रस्तावना उत्तम. पाठ सुरू झाला नाही.' चार वर्षांच्या एकंदर वाटचालीवर इतका नेमका शेरा मी दुसरा वाचलेला नाही.

लाजिरवाणी गोष्ट म्हणजे दुसऱ्या फेरीत तोच पाठ मला जमला. बारा मिनिटांत टाचण बदललं, पाण्याची रेल्वे पहिल्याच वाक्यात आणली, गंगाखेडकर सरांची करंगळी वर यायच्या आत त्यांनाच प्रश्न विचारला. चार वर्षांत मी काही शिकलो असेन तर त्या ३६ मिनिटांत. पण हे चारचौघांत बोलू नका. कुणीतरी घड्याळ घेऊन बसलं तर आपल्याला येतं, असा बोभाटा झाला तर मुदतवाढ मागायला तोंड राहणार नाही.

(१ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल, ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरलीय त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं वगैरे, त्याबद्दल या लेखात काही मिळणार नाही. जेवण झाल्यावर लगेच तो विषय काढू नये.)

राहिला व्यक्ती अभ्यास. वर्गातलं एक पोरगं निवडून त्याच्या शिकण्याचा अभ्यास करायचा आणि तक्ता भरायचा. निवड सोपी असते, तुमचीही आमच्यासारखी बीड जिल्ह्यातली, धारूर-वडवणीकडची शाळा असेल तर फारच सोपी. दसरा झाला की पटावरची निम्मी पोरं पातळ होतात. आईबाप म्हणजे एक कोयता (नवराबायकोची तोडणीची जोडी), मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, घराला कडी लावून सगळे ऊसतोडीला. मागं राहणाऱ्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, पण कोपीवर, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळायला कुणीतरी लागतंच. माझ्या पाचवीतला एकजण असाच जातो आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतो. आला की सरळ वर्गात येऊन बसतो आणि शेजारच्याला विचारतो, "कोन्त्या धड्यावर हैत?"

मी त्याच्यावर तक्ता भरला. उपस्थिती : अनियमित. गृहपाठ : अपूर्ण. पालकांचे सहकार्य : निरंक. अध्ययनाची गती : संथ. 'संथगती अध्ययनार्थी' या घटकात दिलेली लक्षणंही खाली उतरवली. काम सुरू करण्यास टाळाटाळ, लक्ष चटकन विचलित होणे, सोपविलेले काम मुदतीत पूर्ण न करणे. लिहिताना अक्षर फार ओळखीचं वाटत होतं. त्याच आठवड्यात माझा पुनर्नोंदणीचा अर्ज गेला होता, 'वैयक्तिक अडचणींमुळे'.

मधल्या सुट्टीत ते पोरगं टेबलाशी येऊन उभं राहिलं.

"सर, काय लिव्हायलेत?"

"माझा अभ्यास आहे."

"तुमाला बी असतो? कितवीचा?"

"बी.एड.चा. दोन वर्षांचा असतो."

"मंग किती झाले?"

"चौथं चालू आहे."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि अगदी मनापासून विचारलं, "सर, मंग तुमी बी तोडीला गेल्ते का?"

अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. सतराचा पाढा म्हणायला लावायचा. मी लावला. शेवटच्या ओळीपर्यंत तो कुठंच अडला नाही.