सप्लिमेंटच्या डब्याच्या मागचं पण वाचा जरा
फॅट बर्नरच्या (चरबी जाळतो म्हणून विकतात तो माल) '३० दिवसांत पोट गायब' छाप जाहिरातींची जिम सप्लिमेंटवरच्या तुमच्या लेखात पिसं काढलीत ते बरंच झालं, पण खरी गंमत डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत असते. मी एकदा प्री-वर्कआउट (व्यायामाआधी जोर यावा म्हणून घेतात ते) घेतलं, मागे 'प्रोप्रायटरी ब्लेंड', म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण, म्हणून दहा-बारा नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन, म्हणजे कुठलं किती ते कळायला मार्गच नाही, आणि जी काय किक बसायची ती निव्वळ कॅफीनची, रात्री २ वाजेपर्यंत टक्क जागा! प्रोटीन पावडरीत तर अजून भारी, नेहमीची टेस्ट प्रोटीन नाही नायट्रोजन मोजते, आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा काढतात, मग ग्लायसिन नाहीतर टॉरिनसारखं स्वस्तातलं नायट्रोजनवालं काहीतरी ढकललं की आकडा आपोआप फुगतो. आणि ते आधी-नंतरचे फोटो... आधीच्यात पोट सोडलेलं, नंतरच्यात श्वास रोखून, तेल चोपडून, वरून लाईट. (एकाची दाढी दोन्हीकडे सेम टू सेम, म्हणे ३ महिन्यांचा फरक.) क्रिएटिन (ताकद वाढावी म्हणून घेतात ते) तेवढं खरंच काम करतं, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, पण त्यात सिक्रेट फॉर्म्युला कुठला आलाय, साधी पावडर ती. आमचा ट्रेनर अजून मागे लागलाय, घेऊन तर बघ म्हणतो, फक्त डिस्काउंट कोड माझाच टाक.