कार्टून आहे म्हणे!

"अजून कार्टून बघतेस?" हे वाक्य परत कोणी माझ्यासमोर बोललं ना तर मी खरंच भांडणार आहे, इतकं डोक्यात जातं ते.

मागच्या आठवड्यात मी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' परत बघत होते. १९८८ चा जपानी अॅनिमेशन सिनेमा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाताचा. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते आणि चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला घेऊन कसाबसा जगायला बघतो. गोड गोळ्यांचा डबा संपलाय, तर तो त्यातच पाणी ओततो, हलवतो आणि तिला पाजतो, आणि ती पोर त्या पाण्यात एकेका गोळीची चव ओळखते. मला आवंढा गिळता येईना आणि नेमका तेव्हाच दादा आला, मागे उभं राहून दहा सेकंद बघितलं न बघितलं, ते वाक्य टाकलं आणि गेला निघून.

अरे काय कार्टून कार्टून? एक हिरो वीस जणांना हवेत उडवतो तो म्हणे मोठ्यांचा सिनेमा, आणि चित्रकार व्हॅन गॉगवरच्या 'लविंग व्हिन्सेंट'साठी शंभरावर चित्रकारांनी जवळपास ६५ हजार फ्रेम्स ऑइल पेंटने हाताने रंगवल्या ते पोरांचं! २०१९ चा 'द लायन किंग' आला तेव्हा हेच लोक मला सांगत होते की हा बघ, हा खरा वाटतो, कार्टून नाहीये. त्यातला एकूण एक प्राणी कॉम्प्युटरवर बनवलाय, अख्ख्या सिनेमात खऱ्या कॅमेऱ्याने घेतलेला शॉट एकच आहे, पण केस खरे दिसले की झाला मोठ्यांचा. ऑस्करवाले तरी काय वेगळे, बेस्ट पिक्चरच्या नॉमिनेशनपर्यंत आजवर तीनच अॅनिमेशन सिनेमे पोचले, जिंकला एकही नाही.

आणि हे नुसतं हिणवण्यावर थांबत नाही, खरा संताप मला पुढच्या गोष्टीचा आहे. रविवारी दादाला फोनवर बोलायचं होतं म्हणून त्याने माझ्या लॅपटॉपवर तोच 'फायरफ्लाइज' लावून त्याच्या पाच वर्षांच्या पोरीला समोर बसवलं, का तर कार्टूनच आहे ना, आणि दार लावून घेतलं. मी आले तेव्हा ती उशी पोटाशी घट्ट धरून बसलेली, स्क्रीनवर सेत्सुको गोळी समजून काचेच्या गोट्या चोखतीये. मी झटकन बंद केलं. एक मिनिट, फक्त एक मिनिट लागतं सिनेमा कशाबद्दल आहे ते वाचायला! दादाला बोलले तर वर मलाच म्हणतो, तू असलं काहीतरी बघतेसच कशाला.

रात्री पोरगी झोपेना. सारखं एकच विचारत होती, "आत्या, तिला कोणी जेवायला का नाही दिलं?"