टोंकिनच्या मेसेजबद्दल खुलासा
आपल्या फुटाळ्याच्या मॉर्निंग वॉक ग्रुपवर परवापासून फिरतंय: '१९६४ साली टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दोनदा हल्ला झाला आणि एका रात्रीत अमेरिका व्हिएतनाममध्ये शिरली.' काल तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही तेच ऐकलं, म्हणून लिहितो.

एका रात्रीत काही झालं नाही. व्हिएतनामवरचा ताबा टिकवायला फ्रेंच लढत होते, त्या लढाईला १९५० पासूनच अमेरिकेचं ट्रुमन सरकार पैसा पुरवत होतं. १९५४ मध्ये तिथल्या दिएन बिएन फूला हरून फ्रेंच निघाले, देशाचे उत्तर-दक्षिण दोन भाग झाले, अमेरिका मात्र कम्युनिस्ट उत्तरेविरुद्ध दक्षिणेतल्या सरकारला धरून बसली. आधी गेले ते लष्करी सल्लागार. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा हे हजारभरही नव्हते, १९६३ संपता संपता सुमारे १६,००० झाले. शब्द किती साधा आहे बघा, 'सल्लागार'!

आता हल्ल्यांचं. २ ऑगस्ट १९६४ ची उत्तर व्हिएतनामच्या बोटींशी झालेली चकमक खरी. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे खुल्या झालेल्या अमेरिकेच्याच गुप्तचर कागदपत्रांतून दिसलं. तरी ७ ऑगस्टला काँग्रेसने (त्यांची संसद हो, आपली काँग्रेस नव्हे) राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना लष्करी कारवाईसाठी मोकळे हात दिले. ८ मार्च १९६५ ला दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगला अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले, तेही म्हणे विमानतळ राखायला. वर्षअखेर व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे १,८४,००० सैनिक होते.